कंपवातात व्हिटॅमिनची गोळी किती घ्यावी? मेडिकलमध्ये जाण्याआधी हे वाचा

कंपवाताचा म्हणजे पार्किन्सन्सचा पेशंट घरात असला की औषधांचा डबा हळूहळू भरत जातो. सुरुवातीला मेंदूच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली एकच गोळी असते. मग हातापायाला मुंग्या येतात म्हणून बी-कॉम्प्लेक्स येतं. हाडं दुखतात म्हणून ‘डी’ची पुडी येते. शहरातून आलेला जावई कसली तरी पावडर ठेवून जातो. आणि मोबाईलवर आलेला व्हिडिओ सांगतो की अमुक व्हिटॅमिन मोठ्या डोसमध्ये घेतलं की थरथर थांबते. मग प्रश्न येतो, घ्यायचं किती?

सरळ सांगायचं तर कंपवात बरा करणारा किंवा त्याची वाढ थांबवणारा कुठल्याच व्हिटॅमिनचा डोस आजवर सिद्ध झालेला नाही. मात्र काही व्हिटॅमिन अंगात कमी पडली तर त्रास वाढतो, आणि काही जास्त झाली तरी वाढतो. त्यामुळे योग्य डोस म्हणजे तपासणीत जेवढी कमतरता निघाली तेवढी भरून काढणारा डोस. शेजारच्या काकांना लागू पडलेला डोस तुमच्या वडिलांना लागू पडेलच असं नाही.

आधी मुख्य गोळी समजून घेऊ. या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडतं. ते भरून काढायला लेव्होडोपा देतात, आणि ते वाटेतच खर्च होऊ नये म्हणून त्याच्यासोबत कार्बिडोपा असतं. पाकिटावरचा ११०, १२५, २७५ हा आकडा बहुतेक वेळा या दोघांची बेरीज असतो. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. १२५ मध्ये १०० आणि २५, २७५ मध्ये २५० आणि २५. ‘ती पिवळी गोळी’ एवढंच लक्षात ठेवू नका, हा आकडा लिहून ठेवा.

बी-६ : कमी नको, जास्तही नको

या आजारात सगळ्यात जास्त गोंधळ बी-६ चा होतो. पाकिटावर ते ‘पायरिडॉक्सिन’ या नावानं लिहिलेलं असतं. लेव्होडोपाचं डोपामिन करणारं जे एन्झाइम शरीरात आहे, त्याला काम करायला बी-६ लागतं. नुसतं लेव्होडोपा घेणाऱ्या माणसानं १० ते २५ मिलिग्रॅम बी-६ घेतलं तर औषध मेंदूत पोहोचण्याआधीच संपतं आणि गोळीचा असर उतरतो. सोबत कार्बिडोपा असेल तर हा त्रास बहुतांशी टळतो. म्हणून सध्याच्या गोळ्यांवर असलेल्यांनी साध्या बी-कॉम्प्लेक्सला घाबरायचं कारण नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाचा डोस खूप मोठा असेल तर बी-६ उलट कमी पडू शकतं, आणि त्यातून फिट आल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. तर बी-६ बरेच महिने जादा गेलं की नसांना इजा होते, पाय बधिर पडतात, चालताना तोल जातो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि ते ताकदीची आणखी एक गोळी सुरू करतात! रोजची गरज साधारण २ मिलिग्रॅमची. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली, अमेरिकेत ती १०० आहे. आता आपल्याकडचं ताकदीचं लाल इंजेक्शन बघा. बी-१, बी-६ आणि बी-१२ च्या त्या मिश्रणात बी-६ बऱ्याचदा एका सुईत १०० मिलिग्रॅम असतं. आठवड्याला ते घेणाऱ्या आजोबांच्या डब्यात वरून दोन वेगळ्या गोळ्यांतही बी-६ असेल, तर एकूण किती गेलं याचा हिशेब कुणी केलेला नसतो.

बी-१२ : तपासा, मग घ्या

इथे मात्र गोळीचा खरा उपयोग होऊ शकतो. लेव्होडोपा शरीरात वापरलं जाताना होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो आणि तो आवरायला बी-१२ व फोलिक ॲसिड लागतं. बरीच वर्षं लेव्होडोपा घेणाऱ्यांत बी-१२ कमी आढळतं. त्यात माणूस माळकरी, मांस-मच्छी-अंडी वर्ज्य, साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू, ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी, असं सगळं एकत्र आलं तर कमतरता असण्याची शक्यता बरीच वाढते. मुंग्या, विसरभोळेपणा, तोल जाणं ही बी-१२ च्या कमतरतेची लक्षणं कंपवाताच्या लक्षणांत मिसळून जातात. रक्तात २०० पिकोग्रॅमच्या खाली पातळी असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये असेल तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात.

शरीराची रोजची गरज जेमतेम २ ते अडीच मायक्रोग्रॅमची, मग गोळी ५०० किंवा १५०० ची का? कारण मोठ्या डोसमधला अगदी थोडाच भाग, साधारण शंभरातला एक, आतड्यातून आपोआप शोषला जातो. फक्त मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत गल्लत करू नका. १००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम.

डी : आठवड्याची पुडी रोज घेऊ नका

कंपवाताच्या रुग्णांत ‘डी’ बऱ्याचदा कमी असतं. माणूस घराबाहेर पडत नाही, ऊन लागत नाही. पडल्यावर खुब्याचं हाड मोडण्याची भीती या आजारात मोठी, म्हणून हाडांसाठी ‘डी’ महत्त्वाचं. थरथरीवर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. जपानमध्ये रोज १२०० युनिट वर्षभर देऊन केलेल्या अभ्यासात आजार बिघडण्याचा वेग थोडा कमी दिसला, तोही ठरावीक जनुक असलेल्यांत. अमेरिकेत रोज १०,००० युनिट १६ आठवडे दिले, तर एकूण रुग्णांच्या तोलात फरक पडला नाही. म्हणजे जास्त दिलं म्हणून जास्त गुण आला, असं काही झालं नाही.

आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते. कमतरता असेल तर ती साधारण आठवड्याला एक, अशी आठेक आठवडे देतात आणि मग डोस कमी करतात. चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला’ नीट वाचलं जात नाही आणि पुडी रोज दुधात पडते, ही चूक महागात जाते. रोजची वरची मर्यादा ४००० युनिट आहे, म्हणजे एक पुडी झाली पंधरा दिवसांची. असं आठवडेच्या आठवडे चाललं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, खूप तहान, वारंवार लघवी, पोट साफ न होणं, माणूस गोंधळून बडबडणं असं होतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. पुडीचा वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा.

बी-१ च्या मोठ्या डोसचं काय?

व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त गाजतंय ते हे. इटलीतल्या विटेर्बो गावचे न्यूरॉलॉजिस्ट अँतोनियो कॉस्तांतिनी यांनी २०१३ मध्ये तीन रुग्णांचा आणि २०१५ मध्ये ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा १०० मिलिग्रॅम बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दंडात किंवा कमरेत. रुग्णांत चांगली सुधारणा दिसल्याचं त्यांनी लिहिलं. २०२० मध्ये ते वारले. त्यांच्या मागे लोक तोंडी गोळ्यांचे ग्रॅममध्ये डोस घेऊन आपला ‘बरोबर आकडा’ शोधत बसले.

अडचण अशी की त्या अभ्यासात तुलनेसाठी खोट्या सुईचा गट नव्हता, आणि कंपवातात नुसत्या आशेनंही फरक पडतो. २००१ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दिसलं की खोटं औषध दिल्यावरही काही रुग्णांच्या मेंदूत खरोखर डोपामिन सुटलं. म्हणून ‘मला बरं वाटलं’ हे खोटं नसतं, पण ते बी-१ मुळेच वाटलं हेही त्यातून ठरत नाही. शिवाय डोस शोधण्याच्या या पद्धतीत एक गंमत आहे. बरं वाटलं तर डोस बरोबर, बिघडलं तर डोस जास्त, काहीच झालं नाही तर डोस कमी. औषधच निरुपयोगी असेल ही शक्यता हिशेबातच नाही. बी-१ तोंडावाटे घेतलं तर सहसा अपाय करत नाही, पण इंजेक्शनची क्वचित तीव्र रिॲक्शन येते. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि त्यासाठी मुख्य गोळी बंद करू नका. ती अचानक थांबवली तर अंग आखडून ताप येण्यापर्यंत वेळ येते.

व्हिटॅमिन ई आणि कोएन्झाइम क्यू-१० यांच्यावर मात्र मोठे, नीट तुलना केलेले अभ्यास झाले आहेत. ‘ई’ रोज २००० युनिट, ८०० रुग्णांत. क्यू-१० रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम, ६०० रुग्णांत. दोन्हींत आजाराची वाढ थांबली नाही. क्यू-१० ची बाटली महाग असते, ते पैसे फिजिओथेरपीला द्या.

कवचबीजाची पावडर व्हिटॅमिन नव्हे. खाजकुइलीच्या बियांत खरोखरचं लेव्होडोपा असतं, पण चमच्यात किती आलं ते सांगता येत नाही. गोळीवर वरून ती घेतली तर अंग वेडंवाकडं हलणं, उलटी, उठताना चक्कर, भास होणं असे प्रकार होतात. आणि नुसती पावडर घेणाऱ्याच्या अंगात कार्बिडोपा नसतं, म्हणजे बी-६ ची वर सांगितलेली अडचण त्याला पुरेपूर लागू.

वेळेचंही बघा. लोहाच्या गोळीनं किंवा लोह असलेल्या मल्टिव्हिटॅमिननं लेव्होडोपा कमी शोषलं जातं, दोन्हींत किमान दोन तास अंतर ठेवा. मुख्य गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी. डाळ, दूध, पनीर, मटणाबरोबर घेतली तर असर उशिरा येतो.

पुढच्या तपासणीला जाताना सगळा डबाच पिशवीत घालून न्या, रिकामी पाकिटंसुद्धा. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड चालू असेल तर ते आधी दाखवा, कारण या गोळ्यांनीच कंपवातासारखी लक्षणं येतात किंवा असलेली वाढतात. बी-१२ आणि डी च्या तपासणीचं रक्त तालुक्याच्या लॅबमध्ये देता येतं. नमुना बाहेर पाठवत असतील तर रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. बी-१२ ची गोळी किंवा सुई आधीच सुरू केली तर आकडा वर दिसतो, म्हणून रक्त आधी द्या.