मारेकऱ्याचे नाव कळेपर्यंत

१. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, अपालाचिकोला नदीकाठच्या उतारांवर टोरेया हा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. हार्डी क्रूम यांना तो १८३०च्या दशकात आढळला. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांच्यावरून त्याचे नामकरण झाले.

२. त्याचे लाकूड सहजी कुजत नसे, म्हणून कुंपणाच्या खांबांसाठी ते वापरले जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र उभी झाडेच वाळू लागली. १९८४ मध्ये हा वृक्ष संकटग्रस्त घोषित झाला. मारेकरी अज्ञातच राहिला.

३. खोडावर व्रण पाडणाऱ्या बुरशीला २०१३ मध्ये 'फ्युझेरियम टोरेयी' हे नाव मिळाले. तोवर बहुतेक वृक्ष नष्ट झाले होते. उरलेल्या बुंध्यांना धुमारे फुटतात, पण बी धरण्याआधीच ते मरतात.

टॉरींचे नाव आज बळी आणि मारेकरी, दोघेही वागवीत आहेत.