पदकामागचं मास्तरांचं कर्ज

५ जुलै २०२४ ला विधान भवनात टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघाला राज्य सरकारने ११ कोटी जाहीर केले. क्रिकेट मंडळाचे १२५ कोटी आधीच ठरले होते. मग तिजोरीतून कशाला, असं तेव्हाचे विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवारांनी विचारलंच. या सरकारी बक्षिसाचं कूळ बरेच जण १९८३ च्या क्रिकेट विश्वविजयापर्यंत नेतात. ते काही पटत नाही. तेव्हा खुद्द मंडळच कडकं होतं. लता मंगेशकर दिल्लीत गायल्या, त्यातून खेळाडूंना लाख-लाख मिळाले. कुणी शाहू महाराजांचं कोल्हापुरातलं खासबाग कुस्ती मैदान पुढे करतं. पण महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षणही आणलं होतं. त्यांचा दाखला अर्धाच कसा घ्यायचा?

माझं म्हणणं, मूळ १९५२ त आहे आणि तिथे सगळं उलटं आहे. पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं. मदत मागितली, तर तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजीभाई देसाईंनी स्पर्धा झाल्यावर या म्हटलं, असं सांगतात. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. कांस्यपदक आलं, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल उतरल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. म्हणजे बक्षीस खेळाडूनेच मास्तरांना दिलं!

हा योगायोग म्हणावा, तर महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं २०२४ मध्ये, नेमबाज स्वप्नील कुसाळेला. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचं छापून आलं. सरकारचे एक कोटी जाहीर झाले ते पदकानंतर. मोरारजींचा नियम अजून लागू आहे.

तिजोरी उघडली कधी? २०११ च्या विश्वचषकानंतर सचिन तेंडुलकर आणि झहीर खानला एकेक कोटी जाहीर झाले होते. माझा तर्क, सत्काराला कॅमेरे आले आणि मागोमाग सरकार आलं.

रिसोड तालुक्यातल्या केनवडहून हा हिशेब वेगळा दिसतो. आमचा वाशीम म्हणजे सरकारी यादीतला ‘आकांक्षित’, म्हणजे मागे राहिलेला जिल्हा. इकडच्या खेड्यांत शाळेचा रंग लोकवर्गणीचा आणि पंख्याच्या पात्यावर कुणाच्या तरी वडिलांचं ‘स्मरणार्थ’. वर्गणीवर चालायचा तो खेळ तिजोरीकडे गेला, शाळा वर्गणीवर आली. २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत ५० लाखांची मदत दिली की ग्रामीण शाळेला पाच वर्षं देणगीदाराचं नाव लावता येतं. त्या दराने ११ कोटींत २२ शाळा बसतात. नाव सरकारचं लागलं असतं, पण ते तर पाटीवर आधीपासूनच आहे.