भायखळ्याचा छापखाना आणि पतंजलीचा काळ

वाङ्मयेतिहासाच्या तासाला पतंजलीचा काळ 'इ. स. पूर्व दुसरे शतक' असा सांगून आम्ही पुढे सरकतो. विद्यार्थी तो लिहून घेतात. हे शतक कोणी ठरवले आणि त्यासाठी कोणाशी वाद घालावा लागला, हे सहसा विचारले जात नाही. त्या वादाचा मोठा भाग जानेवारी १८७२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'इंडियन अँटिक्वेरी' या मासिकाच्या पहिल्या दोन खंडांत आहे.

मासिकाचे संस्थापक जेम्स बर्जेस (जन्म १८३२) हे स्कॉटलंडचे, आणि मुळात गणिताचे. कलकत्त्याला डव्हटन कॉलेजात गणित शिकवून ते १८६१ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक झाले. पुरातत्त्व, इतिहास, वाङ्मय, भाषा आणि लोकविद्या यांना वाहिलेले हे मासिक त्यांनी खाजगी उपक्रम म्हणून काढले. ते भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापले जाई. त्याच्यामागे सरकार नव्हते, विद्वत्सभाही नव्हती.

विद्वत्सभेचे नियतकालिक मुंबईत आधीपासून होते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे जर्नल १८४१ पासून निघत होते. सुरपूर संस्थानातील प्राचीन शिळावर्तुळे व दफनस्थळे यांवरील मेडोज टेलर यांचा निबंध त्यातच आला. हेच टेलर १८५३ च्या तहानंतर आमच्या नळदुर्ग जिल्ह्याचे अधिकारी झाले. नळदुर्गात त्यांची आठवण निघते ती किल्ल्यासाठी आणि 'ठगाची जबानी' लिहिणारे कादंबरीकार म्हणून; त्यांचे पुरातत्त्वाचे काम मागेच राहते. पण सभेच्या जर्नलची चाल संथ असे. निबंध आधी सभेत वाचायचा, मग तो खंडात यायचा. कोणाला उत्तर द्यायचे तर पुढच्या खंडाची वाट पाहायची. बर्जेस यांच्या मासिकाने नेमका हा खोळंबा दूर केला. दर महिन्याला अंक निघू लागला आणि छापील पानावर बोलाचालीची सोय झाली.

त्या सोयीचा पहिला मोठा लाभ रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी घेतला. तेव्हा ते पस्तिशीचे होते. पतंजलीच्या काळावरील त्यांचा लेख पहिल्याच वर्षी आला. त्यांचा पुरावा व्याकरणाच्या उदाहरणांतला होता, आणि आम्हा भाषेच्या शिक्षकांना तो आजही मोहवतो. सुरू झालेली पण न संपलेली क्रिया दाखवण्यासाठी पतंजली वर्तमानकाळ वापरतो आणि उदाहरण देतो पुष्यमित्राच्या यज्ञाचे. लोकांना ठाऊक असलेली, वक्त्याने पाहिली नसली तरी त्याला पाहता आली असती अशी घटना सांगताना तो यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचे उदाहरण देतो. या दुसऱ्या उदाहरणाकडे गोल्डस्टुकर यांनी आधीच लक्ष वेधले होते. भांडारकरांनी त्याला पुष्यमित्राची जोड दिली. दोन्ही उदाहरणे मिळून एकच काळ सुचवत होती.

बर्लिनचे आल्ब्रेख्त वेबर यांना हे मान्य नव्हते. पतंजलीला इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास आणण्याकडे त्यांचा कल होता, आणि अशी उदाहरणे जुन्या वैयाकरणांकडून चालत आलेलीही असू शकतात, अशी त्यांची शंका होती. शंका फोल नव्हती. व्याकरणाच्या पुस्तकांत शिळी उदाहरणे कशी टिकतात हे आम्ही रोज पाहतो! वेबर यांचे म्हणणे छापले गेले, भांडारकरांचे उत्तरही छापले गेले. युरोपात ज्यांचा शब्द सहसा खाली पडत नसे, अशा पंडिताशी मालवणात जन्मलेला एक प्राध्यापक त्याच मासिकाच्या पानांवर बरोबरीने वाद घालत होता. आमच्या मते ही गोष्ट पतंजलीच्या तारखेपेक्षा लहान नाही.

वेबर यांच्या रामायणविषयक निबंधाचे इंग्रजी भाषांतरही १८७२ मध्ये याच मासिकात आले. रामायणावर होमरची छाया असावी, हा त्यांचा तर्क. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८७३ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहून तो खोडला, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. भाषांतर मुंबईत छापून वेबरांना येथे वाचक मिळवून देणाऱ्या मासिकाने त्यांना प्रतिवादीही मिळवून दिले, असे म्हणता येईल.

पुढे मासिकाचा भर कोरीव लेखांकडे वळला. फ्लीट यांनी संपादिलेले संस्कृत व जुन्या कानडीतील लेख ठशांच्या चित्रांसह येऊ लागले. ठसा डोळ्यांसमोर असल्याने वाचन चुकले तर ते दाखवून देणे दुसऱ्याला शक्य झाले. बर्जेस १८७४ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. १८७५-७६ च्या हंगामातील त्यांच्या अहवालात आमच्या जिल्ह्यातील धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन आहे.

या सगळ्याची भाषा इंग्रजी होती, हे मात्र सांगितलेच पाहिजे. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ पासून मराठीत निघत होता. तरीही पतंजलीचा वाद मराठी वाचकाच्या डोक्यावरून गेला. भांडारकरांना वेबरांपर्यंत पोहोचायचे होते, म्हणून ते इंग्रजीत लिहीत. त्याची किंमत कोणी मोजली, हे आमच्या वर्गातल्या पाठांतरावरून दिसते.

१८८५ पासून संपादन फ्लीट आणि टेंपल यांच्याकडे गेले. १९११ मध्ये टेंपल यांच्यासोबत सहसंपादक म्हणून देवदत्त भांडारकर आले. ते रामकृष्णपंतांचे चिरंजीव. १९३३ मध्ये मासिक थांबले, आणि १९३८ मध्ये सु. मं. कत्रे व प. कृ. गोडे यांनी 'न्यू इंडियन अँटिक्वेरी' काढले. तेही इंग्रजीतच.