अब्बांचा कटर आणि दापोडीचा डॉक्टर

पाच वर्षांपूर्वी घराचा माळा आवरताना गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू हाताला लागली. सुतळी सोडली तेव्हा जुन्या पेट्रोलचा आणि जळक्या ऑइलचा वास आला. तो अब्बांचा कटर होता. पुस्तकात त्याला चेन सॉ म्हणतात, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सगळे कटरच म्हणतात. 1986 साली घाटावरच्या एका ठेकेदाराकडून अब्बांनी तो जुना म्हणून विकत घेतला. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो.

त्या कटरनं आमच्या दोन एकर वरकस जमिनीवरचं ऐन-किंजळीचं रान दोन महिन्यांत उतरवलं. लाकूड टनाच्या भावानं घाटावर गेलं आणि आलेल्या पैशात थोरल्या आपाचं लग्न झालं. मी त्या दिवसांत झाडांवर कविता करीत असे आणि माझी कॉलेजची फीसुद्धा त्याच लाकडातून भरली जात असे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जमीन उघडी पडली, माती वाहून जाऊ लागली, म्हणून अब्बांनी मिळतील ती रोपं लावली. तो सामाजिक वनीकरणाचा काळ होता, आणि मिळायची ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. कोकणात आपण तिला नुसतं आकेशिया म्हणतो. ती झपाट्यानं वाढली. पण तिच्या पाल्याचा जाड थर कुजता कुजत नाही आणि खाली गवताची काडी उगवत नाही. पस्तीस वर्षांत त्या रानात मी घरटं पाहिल्याचं आठवत नाही.

आकेशिया काढून तिथे पुन्हा इथलीच झाडं लावावीत असं मनात होतंच. कटर हाती लागला आणि निमित्त मिळालं. तालुक्याला पॉवर टिलर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. त्यानं उघडून पाहिलं. इंजिन शाबूत होतं. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता, पेट्रोलची नळी हातात घेताच तुटली. पडदा, नळी, प्लग बदलले. साखळी मात्र त्यानं माझ्याच हाती दिली आणि गोल कानस देऊन म्हणाला, "एकेक दात बसून घासा, चाचा. ते काम घाईचं नाही."

दात घासताना लक्षात आलं की एक दात डावीकडे वळलेला आणि पुढचा उजवीकडे. याचीही एक गोष्ट आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यानं 1926 मध्ये विजेवरची आणि 1929 मध्ये पेट्रोलवरची साखळी-करवत आणली खरी, पण सुरुवातीची यंत्रं धरायला दोन माणसं लागत आणि साखळीचे दात लाकूड कापण्यापेक्षा ओरबाडतच जास्त. अमेरिकेत ऑरेगॉनच्या जंगलात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं 1946 साली एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या जबड्यानं डावी-उजवीकडे कुरतडत लाकडातून आरामात वाट काढीत होती. त्यानं तशा दातांची साखळी घडवली आणि 1947 मध्ये कारखाना काढला. आज बहुतेक कटर त्याच जातीच्या साखळीवर चालतात. झाड पोखरणाऱ्या किड्याकडून माणूस झाड पाडायला शिकला.

पण साखळीचं मूळ याहून जुनं आहे आणि जंगलातलं नाहीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी हातानं ओढायची दातेरी साखळी वापरली. अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेचा सांधा मोकळा करायला आणि सडलेलं हाड काढायला. भूल देण्याची सोय अजून यायची होती, म्हणून जितकं लवकर कापून होईल तितकं बरं. म्हणजे अब्बांच्या कटरची पणजी आई आणि मूल वाचवण्यासाठी जन्मली होती.

योगायोग असा की आपल्या मुंबई इलाख्यातल्या जंगलराखणीची सुरुवातही एका स्कॉटिश डॉक्टरनंच केली. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारचा सर्जन. 1838 पासून तो पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. लष्करी दवाखान्यांसाठी तिथे औषधी वनस्पती लावल्या जात. कोकणात हिंडताना त्याला दिसलं की डोंगर उघडे पडताहेत, झरे आटताहेत, खाड्या गाळानं भरताहेत. रोग्याची नाडी पाहावी तसं त्यानं हे सरकारला कळवलं, आणि 1847 मध्ये इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली.

माणूस जाणता होता, पण चाकरी कंपनीची होती. सरकारला झऱ्यांपेक्षा जहाजांची काळजी. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची जहाजं बांधली. त्यांतलं 1817 चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकूड लागू लागलं. गिब्सनचा रोख डोंगरात कुमरी करून पोट भरणाऱ्यांवरही होता. पुढे 1878 च्या कायद्यानं मोठमोठी रानं राखीव झाली आणि पिढ्यान् पिढ्या तिथे गुरं चारणारा माणूस गुन्हेगार ठरला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं गायरानं गिळल्याची तक्रार केली ती यासाठीच.

आणि लागवड? केरळात निलांबूरला 1840 च्या दशकात कलेक्टर कोनोली यांच्या काळात चातू मेनन यांनी सागाचं बन उभं केलं. कष्टाचं काम होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते एकाच जातीचं बन होतं, ओळीत लावलेलं आणि कापण्यासाठी लावलेलं. आमच्या वरकसातल्या आकेशियाच्या ओळी पाहिल्या की मला ते निलांबूर आठवतं. तोडणारा आणि लावणारा एकच, आणि दोन्ही वेळी हिशेब लाकडाचाच. अब्बांना मी एकट्याला दोष देत नाही तो म्हणूनच.

असो. तलाठ्याचा दाखला, वनखात्याची परवानगी हे सोपस्कार करून आम्ही आकेशिया पट्ट्यापट्ट्यानं काढली. सगळी एकदम काढली असती तर कोवळी रोपं उन्हानं करपली असती. कटर मी दोन-तीनदाच चालवला; दहा किलोचं धूड या वयात झेपत नाही. बियाणं विकत मिळेना. ते आणलं दोनच ठिकाणांहून, शेजारच्या गावच्या देवराईतून आणि आमच्या कब्रस्तानातून. गावची जुनी झाडं उरली ती तिथेच, कारण तिथे कुऱ्हाड न्यायला लोक धजले नाहीत. देवराईच्या गुरवांनी खाली पडलेलं बी तेवढं उचलायची परवानगी दिली. फांदीला हात लावायचा नाही, अशी अट घातली.

ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ, सातवीण, वावळ अशी चारशेबारा रोपं लागली. जांभळाची बी वाळली की मरते, ती ओलीच पेरावी लागते. बेहड्याची कवची इतकी टणक की आधी भिजत घालावी लागते. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये वणवा आला. जाळरेषा काढायला मी आठ दिवस उशीर केला होता. त्यात निम्म्याहून जास्त रोपं गेली. त्या संध्याकाळी घरी कोणाशी बोललो नाही. आता एकशेसत्तर आहेत.

ती राख झाडताना एक जुना बुंधा सापडला. किंजळीचा. 1986 मध्ये तोडलेला, वर्षानुवर्षं राबासाठी पुन्हा पुन्हा खुडला गेलेला आणि नंतर आकेशियाच्या सावलीत कोंडलेला. डोक्यावर ऊन आलं तसे त्याला बगलेतून तीन धुमारे फुटले. मी लावलेल्या कुठल्याही रोपापेक्षा ते उंच आहेत. पाणीही मी त्याला कधी घातलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आपा मुंबईहून आली. गुडघे दुखतात तरी वरकसात चढली. बुंध्याच्या कडेला कटरच्या पात्याचा सरळ काप अजून दिसतो. त्यावर तिनं बोट फिरवलं आणि विचारलं,

"माझ्या लग्नातलं का रे हे?"

मी हो म्हटलं. ती तिथेच सावलीला बसली आणि पाणी मागितलं.