हौदा उतरल्यावर दिसणारे सत्य : पिकअपच्या गंजलेल्या सांगाड्याची दुरुस्ती

मालवाहू पिकअपचे आयुष्य इंजिनावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु इंजिन उघडून नवे करता येते, गिअरपेटी बदलता येते; ज्या पोलादी सांगाड्यावर हे सारे उभे असते ती चासी मात्र एकदा पोखरली गेली की वाहनाचे दिवस भरत येतात. मुंबईचे ससून डॉक किंवा रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर येथून मासळी वाहणाऱ्या गाड्यांना हा धोका अधिक. बर्फ वितळून झालेले खारे पाणी फटींतून सांगाड्यावर झिरपते आणि समुद्रावरची खारी हवा त्यात भर घालते. वरून रंगरंगोटी केलेली गाडी ठणठणीत दिसते. रोग हौद्याखाली दडलेला असतो.

गंज कोठे लागतो?

पिकअपचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, त्यावर पुढे केबिन व मागे हौदा स्वतंत्रपणे बोल्टांनी आवळलेला, अशी ही रचना. लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर ते विजेचे चांगले वाहक बनते आणि ही क्रिया झपाट्याने होते. शिवाय मीठ हवेतील ओलावा धरून ठेवत असल्याने कोरड्या दिवसांतही गंज थांबत नाही.

मागील आसावर तुळई जेथे वर वळते तो भाग, कमानपाट्यांचे आधार, हौद्याच्या टेकूखालची जागा आणि पेटीसारख्या बंद तुळईचा आतला भाग, ही गंजाची हक्काची ठिकाणे होत. तेथे चिखल साचतो आणि तो लवकर वाळत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच अधिक असल्याने दोन पत्र्यांच्या मध्ये तो पाचरीसारखा शिरतो व जोड उकलू लागतो. हातोडीने ठोकल्यावर सशक्त पोलाद खणखणते. पोखरलेल्या जागी बद्द आवाज येतो आणि पापुद्रे निघतात.

हौदा का उतरवायचा?

गाडीखाली झोपून ठिगळ लावण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र खालून तुळईची वरची कड दिसत नाही. ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि डिझेलची टाकी सांगाड्यालगतच असल्याने तेथे वेल्डिंगची ठिणगी पडणे धोक्याचे ठरते. हौदा उतरवला की सारा मागचा भाग मोकळा होतो आणि दुरुस्ती करायची की गाडी मोडीत काढायची, हा निर्णय डोळसपणे घेता येतो.

काम सपाट, पक्क्या जमिनीवर करावे. प्रथम बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. मागील दिव्यांची वायर आणि हौद्याला जोडलेली इंधन भरण्याची नळी असल्यास तीही अलग करावी. बोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सैल करणारे तेल सोडल्यास निम्मे कष्ट वाचतात. तरीही न निघणारे बोल्ट कापून नवे वापरणे श्रेयस्कर. फाळके आधी काढल्यास वजन हलके होते. लहान हौदा पाच-सहा माणसे उचलू शकतात; मोठ्यासाठी चेन कप्पी लावावी. अधांतरी लटकलेल्या हौद्याखाली कोणीही जाऊ नये.

कापणे आणि जोडणे

तारेच्या ब्रशने अथवा वाळूच्या माऱ्याने सांगाडा स्वच्छ केल्यावरच खरी हानी कळते. कापण्यापूर्वी सांगाड्याची दोन्ही कर्णांची मापे लिहून ठेवावीत आणि तुळयांना दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू द्यावेत. अन्यथा कापलेली तुळई वजनाने झुकते आणि गाडी कायमची वाकडी होते. डिझेलची टाकी काढून दूर ठेवावी.

गंजलेला भाग सशक्त पोलाद लागेपर्यंत कापावा. गंजावरच पत्रा चढवला तर आत गंज वाढतच राहतो. नवा तुकडा मूळ जाडीचा व त्याच प्रतीच्या पोलादाचा हवा. त्याची टोके सरळ आडवी न कापता तिरकी ठेवल्यास ताण एका रेषेत एकवटत नाही. वेल्डिंग थोडे थोडे, बाजू आलटून पालटून करावे, म्हणजे उष्णतेने तुळई पीळ घेत नाही. तुळईच्या वरच्या व खालच्या कडांवर सर्वाधिक ताण येत असल्याने तेथे नवी भोके पाडू नयेत. हे काम अनुभवी वेल्डरचेच आहे.

त्यानंतर जस्तयुक्त प्रायमर, त्यावर इपॉक्सी रंग आणि बंद तुळईच्या पोकळीत मेणयुक्त थर द्यावा. पाणी निघून जाण्याची मूळ छिद्रे मात्र बुजवू नयेत. हौदा परत बसवताना जुने रबरी टेकू बदलावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत.

कायद्याची बाजू

चासी क्रमांक हा वाहनाची कायदेशीर ओळख आहे. तो कोरलेला भाग कापणे, घासणे किंवा वेल्डिंगने झाकणे म्हणजे चोरीच्या संशयाला निमंत्रण होय. काम सुरू करण्यापूर्वीच तो कोठे आहे हे पाहून घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी फेरबदल करता येत नाहीत; त्यामुळे संपूर्ण सांगाडाच बदलायचा झाल्यास आधी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी. व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीला सामोरे जावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न केवळ जुन्या गाड्यांचा नाही. अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा व सेक्वोया या वाहनांच्या गंजणाऱ्या सांगाड्यांविषयीच्या सामूहिक दाव्यात टोयोटाने २०१६ मध्ये तडजोड केली. सुमारे १५ लाख वाहनांचा समावेश असलेल्या या तडजोडीचे मूल्य ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल, असा तेव्हाचा अंदाज होता.

दोन्ही तुळया अनेक ठिकाणी पोखरल्या असतील, किंवा कमानपाट्यांच्या आधाराखाली जोडण्याइतके सशक्त पोलादच उरले नसेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडलेला बरा. भरल्या गाडीचा सांगाडा घाटात मोडला तर त्याची किंमत केवळ मालक चुकवत नाही. त्यामानाने प्रतिबंध स्वस्त आहे : मासळीची खेप संपली की गोड्या पाण्याने गाडी खालूनही धुवावी आणि पावसाळ्याआधी एकदा हातोडी घेऊन सांगाडा ठोकून पाहावा.