विहिरीतला पाव आणि गाडीवरचा वडा

एसटी स्टँडवर वडा तळायला लागला की पोट भरलेलं असलं तरी पाय तिकडे वळतातच. आलं-लसूण-मिरचीचा वास! हा वास आपल्याला अगदी आपला वाटतो. पण बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आल्या. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही त्यांच्याच भाषेतले.

पावाची कथा तर ऐकण्यासारखी. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. तिकडे अजून सांगतात, की विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायले म्हणून गावचे गाव बाटले आणि त्यांना कुणी परत घेतलं नाही. खरं-खोटं राहू द्या, पण ही गोष्ट लोकांना पटायची. पाव किरिस्तावांच्या भट्टीतला, त्यात पीठ आंबवायला माडी. म्हणून सोवळ्याच्या घरात तो कितीतरी काळ उंबऱ्याबाहेरच राहिला. विहिरीचं पाणी स्वच्छ आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. हात कुणाचा लागला, एवढंच बघायचे.

मग मुंबईत गिरण्या आल्या. कोकणातून, घाटावरून गडी आले, घर गावाकडेच. त्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या बाया. चुलीपुढे जन्म गेला, तरी सावकाराचं देणं फिटायचं नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट पुढे ज्या वाटेनं गेले, तीच ही वाट. खानावळीत मात्र गाव-जात पाहिली जायची. स्टेशनबाहेरच्या गाडीवर ते कोण पाहणार? दादरला १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकला, असं मानतात. लोकल पकडायच्या घाईत एका हातात मावणारा घास. तळणाऱ्याचं आडनाव विचारायला वेळच नाही.

आमच्या गटाला मात्र ते विचारलं गेलं. जत्रेत भज्यांचा स्टॉल लावला, तेव्हा एक जण म्हणाले, “त्या बाईंना कढईवर उभं करू नका, लोक खाणार नाहीत.” कारण दिलं स्वच्छतेचं! आम्ही तिला हलवलं नाही.

स्वच्छतेचंच बोलायचं, तर कडक तेलातून निघालेल्या भज्याची काळजी कमी. घात होतो तो चटणीत घातलेल्या कच्च्या पाण्यानं, उघड्या कांद्यावर बसणाऱ्या माश्यांनी, नोटा मोजून तोच हात पावाला लावल्यानं. काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही सांगितलंय, कारण शाई पोटात जाते.

यंदा चटणी उकळलेल्या, गार केलेल्या पाण्यात वाटायची आणि पैसे घ्यायला वेगळी बाई बसवायची, असं ठरलंय. कढईवर तीच ताई आहे. तिच्या हाताला बेसनाचा अंदाज आहे, आमच्यात दुसऱ्या कुणाला तो नाही.