भाव वाढला की वाढवला?

'महाग' हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्द. त्याचे मूळ संस्कृत 'महार्घ'. 'अर्घ' म्हणजे किंमत. जिची किंमत मोठी ती वस्तू महार्घ, प्राकृतात 'महग्घ', मराठीत महाग. याच 'अर्घा'ची नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्याच गावी न्यायाच्या अंगाने चर्चा झाली होती.

ते गाव कल्याणी, आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने तेथे याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. आपल्याला ती ठाऊक असते ती वारसाहक्काच्या वादांमुळे. पण बाजारभावाचे नियमही तिच्यात आहेत. माल घेऊन लगेच विकणाऱ्याने स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा घ्यावा. मालावर झालेला खर्च धरून, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही सोयीचा असा भाव राजाने ठरवावा.

नफा घेणे हा येथे गुन्हा नाही. गुन्हा आहे तो संगनमत. व्यापाऱ्यांनी एकजूट करून बाहेरचा माल अडवला किंवा चढ्या भावाने विकला, तर 'उत्तमसाहस' दंड, म्हणजे १०८० पण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नफ्याचे प्रमाण हेच आहे आणि अशा एकजुटीला १००० पण दंड आहे. कारागिरांनी संगनमत केले तरी त्यांना सूट नाही.

ग्रंथातला नियम म्हणजे बाजारातला व्यवहार नव्हे, हे खरे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्या: या नियमांत भावाला कर्ता आहे. भाव आपोआप वाढत नाही. कोणीतरी तो वाढवतो आणि त्याला जाब विचारता येतो.

हा कर्ता नाहीसा झाला की काय होते, ते १८७६–७८ च्या दुष्काळाने दाखवले. सोलापूर, कलादगीकडे पाऊस गेला आणि धान्य कडाडले. व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारचे धोरण असे की, खासगी व्यापारात हात घालू नये; भाव चढला की धान्य आपोआप तिकडे वळेल. पण हाती पैसाच नसलेल्या मजुराला दुकानात आलेले धान्य काय कामाचे? देशाबाहेर गहू जातच राहिला. सरकारी कामावरची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी उतरवली, तेव्हा मजूर कामे सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. लाखो माणसे मेली, आणि कागदोपत्री दोष राहिला पावसाचा.

आपणही 'भाव वाढला' असेच म्हणतो. कधी ते खरेही असते: पीक बुडते, वाहतूक महागते. पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून पुढच्या वेळी हे वाक्य तोंडी आले की क्षणभर थांबा आणि विज्ञानेश्वराच्या मुलखातला प्रश्न विचारा: वाढला, की वाढवला?